हवेत ठेवलेली शहरं

रजयांचा कारखाना विकला जाणार ही बातमी वेणीला तिच्या आईने सांगितली. तेव्हा आई भांडी विसळत होती, त्यामुळे निम्मी बातमी साबणाच्या फेसात गेली.

"हात पूस आणि नीट सांग," वेणी हातांनीच म्हणाली.

आईने पदराला हात पुसले. "कारखाना विकणार. परदेशातली कंपनी घेणार. बुधवारी सभा आहे. तुलाच बोलावणार आहेत."

आई जन्मापासून बहिरी. वडीलही तसेच होते. ते सुतारकाम करायचे आणि नऊ वर्षांपूर्वी गेले. पोरगी मात्र दोघांच्या पोटी लख्ख ऐकणारी निघाली. ती आधी हातांनी बोलायला शिकली, तोंडाने नंतर, आणि तेही शेजाऱ्यांच्या घरी बसून. मोठेपणी त्याचंच पोटापाण्याचं काम झालं. कोर्टात, दवाखान्यात, शाळेतल्या पालकांच्या सभेत, जिथे बहिऱ्या माणसाला काही सांगायचं असे तिथे ती दुभाषी म्हणून उभी राही. एकोणीस वर्षं झाली होती. 'वेणी' हे काही तिचं कागदोपत्री नाव नव्हतं. खुणांच्या भाषेत माणसाला त्याच्या एखाद्या लकबीवरून नाव पडतं, आणि ही लहानपणी वेणीचं टोक चघळायची. पुढे तिने केस मानेपर्यंत कापले, पण नाव काही कापता आलं नाही.

आईने त्या कारखान्यात एकतीस वर्षं काढली होती, तीही भराई विभागात. तिथे मोठमोठे पंखे कापूस आणि पिसं उडवून रजयांच्या खोळींत भरायचे. त्या पंख्यांचा आवाज असा की ऐकणारी माणसं दोन महिन्यांत डोकं धरून पळायची. जुन्या मालकांनी मग बहिरी माणसं कामावर घेतली. गावभर लोक म्हणाले, काय दयाळू माणूस! आई म्हणायची, "दया कसली? व्यवहार होता. पण चांगला व्यवहार होता." बाकीच्या विभागांत लोक एकमेकांच्या कानाशी ओरडून घसा बसवून घ्यायचे. भराईत मात्र हॉलच्या या टोकाचा माणूस त्या टोकाच्या माणसाशी दिवसभर निवांत गप्पा मारायचा. जुने मालक दर पाच वर्षांच्या नोकरीला थोडे शेअरही द्यायचे. आईचे शेअर कपाटात, स्वेटरांच्या खाली होते. आता मालक नव्हते. त्यांची मुलं दूर कुठे तरी राहायची, आणि त्यांना कारखाना नको होता.

बुधवारची सभा कँटीनमध्ये भरली. अडीचशे कामगार, शिवाय निवृत्त झालेले. भराईतले अकरा जण आणि आई पहिल्या रांगेत बसले. बँकेने पाठवलेला माणूस चाळिशीचा होता, शिडशिडीत, आणि दर दोन मिनिटांनी कोटाच्या बाहीतून शर्टाची बाही बोटभर बाहेर ओढायचा. त्याने तोंड उघडायच्या आत पहिल्या रांगेने मनगटाला चिमूट लावून त्याला नाव ठेवलं: बाही. नावं ठेवायला अजून अवकाश होता.

"नमस्कार," तो म्हणाला. "आमची इन्व्हेस्टमेंट बँक या व्यवहारात विक्रेत्यांची सल्लागार आहे. अधिग्रहणासाठी लागणारं भांडवल जागतिक बाजारातून उभारलं जाईल, आणि त्यातला कर्जाचा भाग नंतर कंपनीच्या ताळेबंदात सामावून घेतला जाईल."

वेणीचे हात 'बँक' या शब्दापर्यंत गेले आणि तिथेच अडले. पहिली रांग तिच्या हातांकडे बघत राहिली. तिने हात खाली घेतले. एकोणीस वर्षांत असं झालं नव्हतं.

"थांबा," ती मोठ्याने म्हणाली. "मला कळलं नाही."

मॅनेजर पुढे झुकला. "बाई, तुम्हाला कळायची गरज नाही. तुम्ही फक्त त्यांना सांगा."

"मला कळल्याशिवाय माझ्या हातांना कसं कळेल?"

मागून कोणीतरी ओरडलं, "आम्हालाही नाही कळलं!" आणि सगळं कँटीन हसलं. मॅनेजरचा चेहरा उतरला. बाहीने दोन्ही बाह्या एकदम ओढल्या.

सभा कशीबशी संपली. कागद वाटले गेले. त्यावर दोन चौकोन होते. शेअर देऊन रोख पैसे घ्या, किंवा शेअरच्या बदल्यात नव्या कंपनीचे शेअर घ्या. महिन्याभरात खूण करून द्यायची होती. सगळे पांगल्यावर बाही वेणीपाशी आला. तो रागावला असेल असं तिला वाटलं होतं, पण तो नुसता दमलेला दिसत होता.

"त्यांना समजावायला तुम्हाला किती वेळ लागेल?" त्याने विचारलं.

"तुम्हाला शिकायला किती लागला होता?"

"मला? कॉलेज धरून सहा वर्षं."

"मग उद्या एक तास मला द्या," वेणी म्हणाली. "आणि परवा दोन तास त्यांना."

दुसऱ्या दिवशी रिकाम्या कँटीनमध्ये तो लॅपटॉप आणि कागदांची चळत घेऊन आला. तिने दोन्ही बाजूला सारलं.

"सकाळी ऑफिसात जाता. मग काय करता?"

"म्हणजे?"

"म्हणजे दिवसभर काय करता? मला चित्र दिसलं पाहिजे."

हा प्रश्न त्याला कधी कोणी विचारलाच नसावा. "फोन करतो," तो म्हणाला. "ज्यांच्याकडे पैसे पडून आहेत त्यांना. त्यांना अशा लोकांबद्दल सांगतो, ज्यांना पैसे हवेत. कुठल्या धंद्याची काय किंमत असावी याचा अंदाज बांधतो. दोघांची गाठ घालून देतो. मध्ये थोडं ठेवून घेतो."

"लोकांच्या ठेवी ठेवत नाही?"

"नाही. आमच्याकडे काउंटरच नाही." मग तो जरा हसला. "माझ्या आईला मात्र वाटतं की मी काउंटरवर बसून नोटा मोजतो. पंधरा वर्षं झाली. सांगायचं राहूनच गेलंय."

तासाभरात बाजार, शेअर, रोखे एवढं झालं. 'जागतिक'पाशी आले तोवर त्याचा फोन वाजला आणि तो जो गेला तो परत आलाच नाही. कर्जाबद्दलचं ते लांबलचक वाक्य तसंच राहिलं.

शुक्रवारी सकाळी भराई विभागाचे पंखे बंद केले. ते बंद झाले तरी हवेतला कापूस लगेच खाली बसत नाही. छपरातल्या काचांमधून ऊन तिरपं उतरत होतं, आणि त्यात बारीक बारीक पिसं तरंगत होती. वर जायचं की खाली यायचं हे त्यांनी अजून ठरवलं नव्हतं. बाही दारातच थांबला. इतकी माणसं आणि इतकी शांतता त्याने एका जागी कधी पाहिली नसेल. अकरा जण कापसाच्या पोत्यांवर बसले होते आणि बारावी आई.

पहिला प्रश्न मिशीने विचारला. मिशी हा विभागाचा मुकादम होता. मिशा काढून त्याला वीस वर्षं झाली होती.

"तुझी बँक म्हणजे कसली बँक?"

वेणीने तो तोंडाने बोलून दाखवला. बाहीने काल सांगितलं तेच पुन्हा सांगितलं. पैसेवाले, पैसे हवे असलेले, गाठ घालून देणं, मध्ये थोडं ठेवणं.

मिशीचे हात झटक्यात हलले. वेणी म्हणाली, "मग सरळ दलाल म्हण ना."

बाही चमकून तिच्याकडे बघायला लागला.

"मी नाही," वेणीने खुलासा केला, "तो म्हणतोय. माझ्या तोंडून जे निघतं ते त्यांचं असतं."

"अच्छा." बाहीने मिशीकडे तोंड वळवलं. "हो. दलालच. फक्त महागडा."

पोत्यांवर खांदे हलले, म्हणजे ते हसत होते.

मग 'जागतिक' हा शब्द आला. बाही म्हणाला, "इथे आपण दुपारचं जेवायला बसतो तेव्हा एका शहरात लोक नुकते उठून दुकान उघडत असतात. दुसऱ्या एका शहरात दिवे मालवून घरी निघालेले असतात. पैसा झोपत नाही. जे शहर जागं असेल तिकडे तो जातो. ते झोपायला लागलं की पुढच्या शहरात."

वेणीने हवेत डावीकडे, खांद्याच्या उंचीवर एक शहर ठेवलं. दोन्ही हातांनी छपरं दाखवली आणि बोट लावून जागा पक्की केली. उजवीकडे दुसरं ठेवलं. तिसरं समोर, जरा उंचावर, जिथे ऊन पडत होतं तिथे. खुणांच्या भाषेत एकदा हवेत ठेवलेली गोष्ट तिथेच राहते. नंतर कोणीही त्या जागेकडे बोट करावं आणि सगळ्यांना कळावं. वेणीने तिन्ही शहरांवरून सूर्य फिरवला, आणि त्याच्या मागोमाग बोटांच्या टोकांवर पैसा. एका शहराचे डोळे उघडत होते, एकाचे मिटत होते. पिसं मधूनच त्या शहरांमधून वाहत जात होती. कोणी पापणी हलवत नव्हतं.

भराईतला एक जण पाणी प्यायला उठला. जाताना तो उजवीकडच्या शहराला वळसा घालून गेला. बाहीने ते पाहिलं. थोड्या वेळाने तो स्वतः खिडकीकडे गेला तेव्हा त्यानेही नकळत वळसा घातला.

आईने डावीकडच्या शहराकडे बोट केलं. "तिथे पैसे कोणाचे आहेत?"

"बहुतेक म्हाताऱ्या माणसांचे," बाही म्हणाला. "म्हणजे म्हातारी होणाऱ्यांचे. शिक्षिका, नर्सेस, बसचे ड्रायव्हर. त्यांच्या पगारातून दर महिन्याला थोडं कापून एका मोठ्या फंडात टाकतात. तो फंड कुठे गुंतवायचा हे माझ्यासारखे लोक सांगतात. तुमचा कारखाना विकत घ्यायला जे पैसे येतील, त्यात एखाद्या शिक्षिकेचेही असतील."

"तिला माहीत आहे का, आम्ही इथे आहोत ते?"

"नाही."

आईने त्या जागेकडे थोडा वेळ नुसतं पाहिलं. मग तिचे हात सावकाश हलले, आणि वेणी हलक्या आवाजात म्हणाली, "आम्हालाही ती माहीत नव्हती. आता झाली."

एव्हाना दाराशी गर्दी जमली होती. शिलाईतल्या बायका, पॅकिंगचे लोक. बुधवारी ज्यांना काही कळलं नव्हतं ते सगळे. त्यांना खुणा येत नव्हत्या, पण बाही बोलत होता ते ऐकू येत होतं, आणि तो आज माणसासारखं बोलत होता. मॅनेजर एकदा डोकावला आणि निघून गेला.

"आता राहिलं कर्ज," बाही म्हणाला. पाठ केलेलं वाक्य आपसूक बाहेर आलं. "भांडवलातला कर्जाचा भाग उभारला जाईल आणि नंतर ताळेबंदात सामावून घेतला जाईल."

वेणीचा हात वर गेला आणि हवेत तसाच राहिला.

"कर्ज कोण घेणार?" तिने विचारलं.

"घेतलं जाईल."

"हो, पण माझा हात कुठून निघून कुठे न्यायचा?"

तिला खवचटपणा करायचा नव्हता. तोंडाने 'घेतलं जाईल', 'दिलं जाईल' असं बोलता येतं, त्यात माणूस कुठेच लागत नाही. हातांच्या भाषेत 'देणं' म्हणजे हात एका जागेवरून निघून दुसऱ्या जागी पोचणं. देणारा कोण आणि घेणारा कोण हे माहीत नसेल तर हात हलतच नाही. तिचा हात खरंच अडकला होता.

बाहीने त्या हाताकडे पाहिलं. बाही ओढायला त्याचं बोट मनगटापाशी गेलं आणि तसंच थांबलं.

"शहरांकडून निघेल," तो म्हणाला. "खरेदी करणाऱ्या कंपनीकडे येईल."

वेणीने तिन्ही शहरांतून ओंजळी भरभरून घेतल्या आणि मध्ये, कंपनीच्या जागी ओतल्या.

"कंपनी त्यातून तुमच्या शेअरचे पैसे देईल. तुम्हाला, मालकांच्या मुलांना, सगळ्यांना."

ओंजळ पोत्यांकडे आली.

"आणि फेडायचं कोणी?" वेणीने विचारलं.

वरून एक पीस येऊन बाहीच्या खांद्यावर बसलं.

"कारखान्याने," तो म्हणाला.

"कुठल्या?"

"या."

वेणीने ते कर्ज कंपनीच्या जागेवरून दोन्ही हातांनी उचललं. तिच्या खांद्यांवरून ते जड आहे हे दिसत होतं. आणि ते खाली, बारा जणांच्या पायांपाशी, फरशीवर ठेवलं.

मग मिशीचे हात हळू, एकेक खूण वेगळी करत बोलले. वेणीने तितक्याच हळू ते तोंडाने म्हटलं. "म्हणजे त्यांनी आम्हाला विकत घ्यायला आमच्याच नावावर पैसे काढले."

"आयजीच्या जिवावर बायजी उदार!" दारातून शिलाईतली एक काकू म्हणाली. वेणीला ते हातांनी सांगणं भाग होतं, पण इथे ना आयजी होती ना बायजी. तिने दुसऱ्याच्या ताटातलं उचलून तिसऱ्याला वाढलं आणि वाढणाऱ्याची ऐटबाज मान दाखवली. मिशीने मान डोलावली. अगदी बरोबर.

बाहीने चढ्या आवाजात उत्तर दिलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. पण तो जवळच्या एका पोत्यावर बसला. पोतं फुस्स झालं आणि त्याच्याभोवती कापूस उडाला.

"हे बेकायदा नाही," तो म्हणाला. "जगात रोज कुठे ना कुठे होतं, आणि दर वेळी वाईटच होतं असंही नाही. रजया चांगल्या खपल्या तर पाच-सात वर्षांत कर्ज फिटेल, आणि ज्यांनी नवे शेअर घेतले त्यांची चांदी होईल. नाही खपल्या तर हा धोंडा कारखान्याला पेलणार नाही. काय होईल ते मला सांगता येत नाही. सांगता येतं असं जो म्हणेल त्याचं ऐकू नका. म्हणून ते दोन चौकोन आहेत, रोख की शेअर." तो थांबला. "बुधवारी मी हे असं सांगितलं नाही. मुद्दाम नाही. आम्ही आपसात असंच बोलतो, त्याची सवय होते."

आईने हात वर केला. ती फरशीवरच्या त्या जागेकडे बघत होती.

"एक विचारते. आमचं पेन्शन कारखाना देतो. त्याचा फंड कारखान्यातच आहे. उद्या ज्यांनी कर्ज दिलं ते वसुलीला आले, तर आधी कोणाचं? त्यांचं की आमचं?"

वेणीने हे बोलून दाखवलं तेव्हा तिचा आवाज किंचित हलला. दुभाष्याचा आवाज हलू नये असा नियम आहे.

बाही म्हणाला, "मला माहीत नाही."

"कोणाला माहीत आहे?"

"विचारतो. सोमवारी येऊन सांगतो."

त्या रात्री जेवताना वेणी आणि आई फार बोलल्या नाहीत, कारण जेवताना हात मोकळे नसतात. जेवण झाल्यावर आईने टेबलावर टकटक करून वेणीचं लक्ष वेधलं.

"तू असतीस तर काय केलं असतंस?"

"मला सांगता येत नाही. मी दुभाषी आहे. माझं मत द्यायचं नसतं."

"घरात कसली आलीय दुभाषी? घरात तू माझी मुलगी आहेस."

वेणी हसली. मग तिने इकडेतिकडे पाहिलं, जणू कोणी ऐकेल, आणि हात अगदी छातीपाशी घेऊन बारीक खुणा केल्या. "मी रोख घेतले असते. सगळे."

आईने विचार केला. "बघते," ती म्हणाली. आईचं 'बघते' म्हणजे काय ते वेणीला माहीत होतं. म्हणजे तू म्हणतेस तसं मी करणार नाही.

सोमवारी बाही खरंच आला, या वेळी कोट न घालता. आधी कर्जवाल्यांचं, मग पेन्शनवाल्यांचं, असं तो म्हणाला. फंड वेगळा नव्हता. कारखान्याच्या इतर पैशांत मिसळलेला होता. खरेदी करणाऱ्या कंपनीने त्याचा विचार केला नव्हता, कारण तो विचार त्यांना कोणी करायला लावला नव्हता.

"आता लावता येईल?" मिशीने विचारलं.

बाहीने खिशातून कागद काढला. तो विक्रेत्यांचा सल्लागार होता, कामगारांचा नव्हे. "जे कागदावर छापलेलं आहे तेवढंच मी सांगू शकतो," तो म्हणाला. "बुधवारी दिलेल्या कागदाचं पान चार बघा. शंभरातल्या नव्वद शेअरांचा होकार आला नाही तर सौदा होत नाही."

"आणि आमच्याकडे किती आहेत?"

"तेही छापलेलं आहे. पान सहा. कामगारांकडे मिळून अठरा."

वेणीने हे सांगितलं. मिशीने दोन्ही हातांची बोटं पसरली, काही मिटली, काही उघडली, आणि मग त्याच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते दारातल्या गर्दीलाही दुभाष्याशिवाय कळलं.

त्यांनी एक पत्र लिहिलं, शिलाईतल्या काकूच्या मुलीने टाईप केलेलं. पेन्शनचा फंड सौद्याआधी वेगळा काढा, वेगळ्या विश्वस्तांकडे द्या, कर्जवाल्यांना त्याला हात लावता येणार नाही असं लिहून द्या. मग होकार. दोनशे बारा सह्या झाल्या. मॅनेजर म्हणाला, अशाने सौदा मोडेल. मालकांच्या मुलांनी दूरवरून दोन वेळा फोन केला. एकदा गोड, एकदा कडू. तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांत भराईचे पंखे रोज चालू होते, आणि लोक कामाच्या मधूनच हवेतल्या त्या तीन जागांकडे बघायचे. कोणाचा हात चुकून डावीकडच्या शहरातून गेला तर समोरचा दटावायचा, "अरे, शिक्षिका आहे तिथे!"

चौथ्या आठवड्यात उत्तर आलं. मान्य.

सौदा झाला. भराईतल्या दहा जणांनी रोख घेतले, मिशीने सगळेच्या सगळे शेअर, आणि आईने निम्मे-निम्मे. वेणीने कपाळावर हात मारला.

"का पण?" तिने विचारलं.

"सगळे रोख घेतले असते तर त्या बाईशी माझा संबंधच संपला असता."

"कुठल्या बाईशी?"

"शिक्षिका."

"आई, ती काही खरी एकच शिक्षिका नाही. ते उदाहरण होतं."

"माहीत आहे मला," आई म्हणाली. "तरी."

पुढे जे झालं ते कोणाला सांगता आलं नसतं हे बाहीचं म्हणणं खरं ठरलं. दोन वर्षं बरी गेली. मिशी भेटेल त्याला शेअरचा भाव दाखवायचा. तिसऱ्या वर्षी कापूस महागला, व्याज वाढलं, आणि हप्ते जड झाले. चौथ्या वर्षी भराई विभाग बंद झाला, पंखे सोडवून ट्रकवर चढवले आणि नेले. मिशीचे शेअर मातीमोल झाले. तो महिनाभर कोणाशी बोलला नाही, मग एका फर्निचरच्या दुकानात गाद्या भरायला लागला. तिथल्या ऐकणाऱ्या पोरांना तो आता खुणा शिकवतो, कारण त्याच्या मते त्यांना कामाच्या वेळी गप्पा मारता येत नाहीत, बिचाऱ्यांना. आईचे निम्मे शेअर तसेच गेले. पेन्शन मात्र दर महिन्याच्या एक तारखेला येत राहिलं, सगळ्यांचं, एकदाही न चुकता.

बाहीचं एक पत्र आलं होतं, सौद्यानंतर वर्षभराने. दुसऱ्या एका देशात, दुसऱ्या एका कारखान्यातल्या लोकांपुढे त्याला उभं राहायचं होतं. तिथे बहिरं कोणी नव्हतं. तरी बोलण्याआधी तो घरी रिकाम्या खोलीत हात हलवून बघतो, असं त्याने लिहिलं होतं, हात कुठे अडतो ते कळावं म्हणून. आणि आपण खरं काय काम करतो ते त्याने स्वतःच्या आईला एकदाचं सांगितलं होतं. ती म्हणाली, म्हणजे दलाल का? मग पंधरा वर्षं बँक बँक काय करत होतास?

वेणीने हे पत्र आईला सांगायला घेतलं तेव्हा दुपार होती. पत्राच्या मध्यावरच आईचा डोळा लागला. खिडकीचा पडदा वाऱ्याने आत येत होता आणि परत जात होता. वेणी पलंगाच्या कडेवर पत्र हातात धरून बसून राहिली. थोड्या वेळाने आईचे हात पांघरुणावर हलायला लागले. बहिरी माणसं झोपेत बरळतात ती अशी, हातांनी. वेणीने वाकून बघितलं. खुणा अर्धवट, मऊ होत्या, पण वाचता येत होत्या.

"सरक. सरक थोडं. मला जागा दे."

झोपेतल्या खुणांत कोणाचं नाव नव्हतं, त्यामुळे आई हे वडिलांना म्हणत होती, की तिच्या आईला, की बसमध्ये शेजारी बसलेल्या आणखी कोणाला, ते कळायला मार्ग नव्हता.

वेणी सरकून बसली.